यकृतात गाठ, पित्तनलिकेत अडथळा: तपास कोणत्या क्रमाने करायचा?

तालुका_जीपी विचारतात:

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस आहे. जवळच्या सेंटरवर सोनोग्राफी होते, सीटी आणि एमआरआयसाठी जिल्ह्याला जावं लागतं. सध्या तीन रिपोर्ट समोर आहेत. तिन्ही जागी पुढची पायरी चुकली तर नुकसान होईल असं वाटतं, म्हणून विचारतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

१. बाई, वय ३८. पित्ताचा त्रास म्हणून सोनोग्राफी केली. उजव्या लोबमध्ये २.८ सेंमीची पांढरी, स्वच्छ कडा असलेली गाठ. एलएफटी (यकृताच्या रक्तचाचण्या) नॉर्मल, यकृताचा काही जुना आजार नाही. रिपोर्टखाली "सीटी करून घ्यावा" असं लिहिलंय. घरचे घाबरलेत, आजच्या आज मुंबईला न्यायचं म्हणतात.

२. पुरुष, वय ५६. बरीच वर्षं दारू, एचबीएसएजी (हिपॅटायटीस बी ची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. यकृत खडबडीत, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट्स ८८,०००. सेगमेंट ६ (उजवीकडचा खालचा भाग) मध्ये २.४ सेंमीची काळसर गाठ. रिपोर्टमध्ये "एफएनएसी करावी" (बारीक सुईने पेशी काढून तपासणं) असा सल्ला. एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारा रक्तातला घटक) १८ आलं, म्हणून घरचे म्हणतात कॅन्सर नाही.

३. बाई, वय ६१. तीन आठवड्यांपासून कावीळ, पोटात दुखत नाही, अंगाला प्रचंड खाज. बिलिरुबिन १४. यकृताच्या आतल्या पित्तनलिका दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, पण सीबीडी (मुख्य पित्तनलिका) नॉर्मल आणि पित्ताशय रिकामं, चपटलेलं. ताप नाही. नातेवाइकांनी एका ठिकाणी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं) करून स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) टाकायची तारीखही घेऊन ठेवलीय.

पहिलीला खरंच सीटी लागतो का? दुसऱ्याला सुई घालावी का? तिसरीची तारीख राहू द्यावी की थांबवावी?

---

फिल्म_वाचक:

रेडिओलॉजीतून लिहितो. तिसरीची ईआरसीपी आज फोन करून थांबवा, ती घाईची गोष्ट आहे. कारण खाली सर्जन मंडळी सांगतीलच. मी आधीच्या दोघांबद्दल लिहितो.

पहिली गाठ वर्णनावरून हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ). प्रौढांच्या यकृतातली सगळ्यात जास्त आढळणारी साधी घन गाठ हीच. यकृत निरोगी, गाठ ३ सेंमीपेक्षा लहान, एकसारखी पांढरी, कडा रेखीव, मागे आवाज वाढलेला आणि भोवती काळी कड नाही, इतकं जुळलं तर सोनोग्राफीवर थांबता येतं. सीटीची गरज नाही, वर्षा-वर्षाला मोजत बसण्याचीही नाही. ती कॅन्सर होत नाही. मात्र रिपोर्टवर विसंबण्याआधी बाईंना तीन प्रश्न विचारा: पूर्वी कुठला कॅन्सर झाला होता का, गर्भनिरोधक गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत का, हिपॅटायटीस बी किंवा सी आहे का (तपासलं नसेल तर तपासून). यातलं एकही उत्तर "हो" आलं तर कॉन्ट्रास्ट एमआरआय करावा, कारण पांढरी गाठ मेटास्टॅसिसचीही (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची) असू शकते आणि छोट्या एचसीसीचीही (यकृताच्या पेशींतच सुरू होणाऱ्या कॅन्सरची). एमआरआयमध्ये हिमँजिओमा टी-२ प्रकारच्या चित्रावर लख्ख उजळतो आणि कॉन्ट्रास्ट कडेने ठिपक्या-ठिपक्यांनी भरत मध्याकडे सरकतो. हे चित्र दिसलं की विषय संपला. फॅटी लिव्हर जास्त असेल तर तोच हिमँजिओमा सोनोग्राफीत काळा दिसतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या पेशंटचं गांभीर्य वेगळं. सिर्‍होसिस (यकृत व्रणांनी कडक, खडबडीत होणं) किंवा जुना हिपॅटायटीस बी असलेल्या माणसात १ सेंमीपेक्षा मोठी नवी गाठ म्हणजे एचसीसी, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. यातली जमेची बाजू अशी की अशा पेशंटमध्ये निदान बहुतेक वेळा चित्रावरच होतं, तुकडा लागत नाही. अट एकच: चित्र नीट काढलेलं हवं. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिठ्ठीवर नुसतं "सीटी ॲब्डॉमेन विथ कॉन्ट्रास्ट" लिहू नका. तसं लिहिलं की बहुतेक ठिकाणी एकच पोर्टल फेज (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट भरल्यावरचा फोटो) काढून देतात. "ट्रिपल फेज लिव्हर सीटी, लेट आर्टेरियल, पोर्टल, डिलेड, सिर्‍होसिस, एचसीसी आहे का" एवढं सगळं लिहा. कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबरचा व्हेनफ्लॉन हवा, मनगटावरचा बारीक चालत नाही. ३५० ताकदीचा कॉन्ट्रास्ट किलोला साधारण १.५ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० मिली, प्रेशर इंजेक्टरने सेकंदाला ४ ते ५ मिली. लेट आर्टेरियल साधारण ३५ सेकंदांना, पोर्टल ७० ला, डिलेड ३ ते ५ मिनिटांनी. ३५ सेकंद हा ढोबळ आकडा आहे. हृदय कमजोर असेल तर कॉन्ट्रास्ट उशिरा पोचतो, म्हणून महाधमनीवर बोलस ट्रॅकिंग (तिथे कॉन्ट्रास्ट पोचला की त्यावरून वेळ धरणं) लावून काढलेला फेज जास्त भरवशाचा.

फेज बरोबर पकडलाय का हे तुम्हालाही फिल्मवर पाहता येईल. लेट आर्टेरियलमध्ये महाधमनी लख्ख पांढरी, पोर्टल व्हेनमध्ये थोडा कॉन्ट्रास्ट आलेला, पण हिपॅटिक व्हेन्स (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून काळ्याच. पोर्टल व्हेनही काळी असेल तर फोटो लवकर निघालाय आणि गाठ उजळलेली दिसणारच नाही. हिपॅटिक व्हेन्स पांढऱ्या झाल्या असतील तर उशीर झाला. दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये "आर्टेरियल एन्हान्समेंट नाही" असं येतं आणि सगळे निश्चिंत होतात. एचसीसीला रक्त धमनीतून मिळतं, म्हणून ती आर्टेरियलमध्ये भोवतालच्या यकृतापेक्षा उजळते आणि पोर्टल किंवा डिलेडमध्ये त्यापेक्षा काळवंडते. या काळवंडण्याला वॉशआउट म्हणतात. डिलेड फेज काढलाच नाही तर बऱ्याच गाठींचा वॉशआउट निसटतो.

या पेशंटची गाठ २ सेंमीच्या वर आहे. कड सोडून आतून उजळणं आणि त्याच्या जोडीला वॉशआउट, दिसणारी कॅप्सूल किंवा सहा महिन्यांत निम्म्याने वाढ, यांतलं एक सापडलं की एलआय-रॅड्स (चित्रावरून एचसीसीची शक्यता ठरवणारी श्रेणी) ५, म्हणजे एचसीसी नक्की. १ ते २ सेंमीच्या गाठीला नुसती कॅप्सूल पुरत नाही, वॉशआउट किंवा तशी वाढ लागते. फक्त कडेने गोल उजळत असेल तर ती त्याच श्रेणीतली एलआर-एम (कॅन्सरचा संशय, पण एचसीसीच असं नाही), तिथे कोलँजिओकार्सिनोमा (पित्तनलिकेचा कॅन्सर) किंवा मेटास्टॅसिस डोक्यात हवा आणि तुकडा लागतो. आणखी एक: हे निकष फक्त सिर्‍होसिस, जुना हिपॅटायटीस बी किंवा आधी एचसीसी झालेल्या प्रौढांसाठी आहेत. तुमच्या पहिल्या बाईसारख्या निरोगी यकृताला, लहान मुलांना किंवा बड-किआरीच्या (हिपॅटिक व्हेन्स बंद झाल्याने होणाऱ्या) सिर्‍होसिसला ते लावले तर साध्या गाठीला कॅन्सर ठरवून बसाल.

एमआरआय जास्त संवेदनशील आहे हे खरं, पण जलोदर असेल किंवा पेशंटला १५ सेकंद श्वास रोखता येत नसेल तर चित्र हलतं. अशा वेळी नीट काढलेला सीटीच बरा.

---

कातरी_आणि_टाका:

यकृताच्या सर्जरीत आहे. वरचं सगळं मान्य. एफएनएसीबद्दल लिहितो, कारण "एसओएल लिव्हर, ॲडव्हाइस एफएनएसी" (यकृतात गाठ, एफएनएसी करा) ही ओळ सवयीने टाइप होते आणि पेशंट ती आज्ञा समजतो.

दुसऱ्या पेशंटला सुई नको. प्लेटलेट्स ८८,००० आणि पोर्टल प्रेशर (पोर्टल व्हेनमधला दाब) वाढलेलं, म्हणजे रक्तस्राव होऊ शकतो. सुईच्या मार्गावर कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात. एचसीसीमध्ये हे प्रमाण शेकड्यात दोन-तीनच आहे, पण जो पेशंट ऑपरेशनने किंवा प्रत्यारोपणाने पूर्ण बरा होण्यासारखा आहे त्याच्या बाबतीत तेवढंही का ओढवून घ्यायचं? शिवाय एफएनएसीत नुसत्या सुट्या पेशी येतात. नॉर्मलसारख्याच दिसणाऱ्या पेशींची एचसीसी, ॲडिनोमा (यकृताच्या पेशींची कॅन्सर नसलेली गाठ) आणि सिर्‍होसिसमधला साधा नोड्यूल यांच्या सुट्या पेशी इतक्या सारख्या दिसतात की "मॅलिग्नंट पेशी दिसल्या नाहीत" या रिपोर्टचा उपयोग शून्य. उलट महिना-दोन महिने त्या खोट्या दिलाशात जातात.

एएफपी १८ म्हणून कॅन्सर नाही, हे घरच्यांच्या डोक्यातून काढा. छोट्या एचसीसीमध्ये एएफपी पुष्कळदा नॉर्मल असतं. उलट हिपॅटायटीस उसळला की कॅन्सर नसतानाही ते शेकड्यांत जातं. पिवका-२ (एचसीसीसाठीची आणखी एक रक्तचाचणी) करत असाल तर पेशंट वॉरफरिनवर नाही ना, किंवा कावीळ लांबून व्हिटॅमिन के कमी झालेलं नाही ना, ते पाहा. दोन्हींत खोटं वाढतं.

सुई कधी घालायची? यकृत निरोगी आहे आणि चित्रावरून गाठीची जात ठरत नाही, एलआर-एम आलंय, किंवा ऑपरेशन शक्य नाही आणि केमो सुरू करायला पुरावा हवाय, अशा वेळी. आधी ऑपरेशन करणाऱ्या टीमला विचारून. आणि मग एफएनएसी नाही, १८ गेजची कोअर बायोप्सी (जाड सुईने सलग तुकडा), को-ॲक्सिअल सुईतून (बाहेरच्या एका सुईच्या आतून), गाठीपर्यंत जाताना मध्ये निरोगी यकृताचा पट्टा ठेवून. पृष्ठभागावरच्या गाठीत थेट बाहेरून टोचलं तर रक्त सरळ पोटात जातं.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीची आठवण ठेवा. पाण्याने भरलेली गाठ, आत पडदे किंवा पोरगाठी (आतल्या छोट्या गाठी), शेळ्या-मेंढ्या आणि कुत्र्यांचा संबंध, असं दिसलं तर हायडॅटिड (फीतकृमीची गाठ). त्यात "जरा पाणी काढून बघू" म्हणून सुई घातली तर ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो आणि पोटभर पोरगाठी पसरतात. अल्बेंडाझोल सुरू केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. ताप, उजवीकडे दुखणं आणि दारू हे त्रिकूट असेल तर अमिबाचा गळूही गाठ म्हणून रिपोर्ट होतो. त्यावर मेट्रोनिडॅझोलचा कोर्स हा इलाज.

---

स्लाइड_पेटी:

पॅथॉलॉजी. बायोप्सी झालीच तर दोन गोष्टी पाळा, आम्हाला निदान देता येईल. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी. सलाईनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा वाया गेला समजा. आणि फॉर्मवर वय, लिंग, सिर्‍होसिस आहे का, एचबीएसएजी, एएफपी, गोळ्या, पूर्वीचा कॅन्सर आणि सीटीचा निष्कर्ष लिहा. नुसतं "लिव्हर बायोप्सी" लिहून आलं तर कुठले रंग (स्टेन) लावायचे याचा अंदाज बांधण्यातच तुकडा संपतो. शक्य असेल तर गाठीबाहेरच्या यकृताचाही एक धागा वेगळ्या बाटलीत द्या. शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ॲडिनोमा आणि एफएनएच ओळखणं अवघड.

साध्या गाठींबद्दल थोडं, कारण तरुण बायकांच्या रिपोर्टमध्ये या दोघी सतत अदलाबदल होतात. एफएनएच म्हणजे रक्तपुरवठ्यातल्या बिघाडामुळे यकृताच्याच पेशींची झालेली वाढ, बहुतेकदा मध्ये एक व्रण. हिपॅटोबिलिअरी कॉन्ट्रास्टच्या एमआरआयमध्ये २० मिनिटांनंतरही ती उजळ राहते, कारण तिच्या पेशी तो कॉन्ट्रास्ट शोषतात. तिला औषध नाही, ऑपरेशन नाही, गोळ्या बंद करायचीही सक्ती नाही.

ॲडिनोमाचं तसं नाही. ती फुटून रक्तस्राव होऊ शकतो, मुख्यतः ५ सेंमीच्या पुढे. बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बदल असलेली जात कॅन्सरकडे झुकते. गर्भनिरोधक गोळ्या आणि लठ्ठपणा ही बायकांतली मोठी कारणं. जिममध्ये घेतलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स हे पुरुषांतलं, आणि ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बाईंच्या गोळ्या बंद करायच्या, वजन कमी करायचं, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तरीही ५ सेंमी किंवा जास्त असेल, किंवा वाढत असेल, तर काढायची. पुरुषात ॲडिनोमा असेल तर आकार न पाहता काढायचा सल्ला असतो.

पित्तनलिकांच्या साध्या गाठीतही एक फसवी आहे. दीड सेंमीच्या आतले असंख्य ठिपके यकृतभर, एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) चांदण्यांसारखे: ते बाईल डक्ट हॅमार्टोमा. सोनोग्राफीत त्यांचा रिपोर्ट "मल्टिपल मेटास्टॅसिस" असाही येऊन जातो. उलट मध्यमवयीन बाईच्या यकृतात जाड पडद्यांची एकटी सिस्ट असेल तर ती म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम असू शकते. तिचं पाणी काढून किंवा वरचं झाकण कापून भागत नाही, ती पुन्हा भरते आणि काहींत पुढे कॅन्सर होतो. पूर्ण काढावी लागते.

---

पित्तवाट:

हिपॅटोबिलिअरी युनिटमध्ये काम करतो. तिसऱ्या पेशंटकडे येऊ.

तुमच्या सोनोग्राफीनेच अडथळ्याची जागा सांगितलीय. आतल्या नलिका फुगलेल्या, सीबीडी आणि पित्ताशय रिकामं, म्हणजे अडथळा उजवी आणि डावी नलिका मिळतात त्या संगमावर किंवा लगेच खाली. वय, न दुखणारी कावीळ आणि खाज पाहता हायलर कोलँजिओकार्सिनोमा, ज्याला क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात, हा पहिला संशय. सीबीडी आणि पित्ताशय दोन्ही फुगलेले असते तर अडथळा खाली, म्हणजे सीबीडीचं खालचं टोक, ॲम्प्युला (नलिका आतड्यात उघडते ती जागा) किंवा स्वादुपिंडाचं डोकं. वाट तिथेच वेगळी होते, म्हणून रेफरल चिठ्ठीत "ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस" एवढंच न लिहिता ही माहिती जरूर लिहा.

स्टेंट आधी का नको? नलिकेत स्टेंट बसला की भिंतीला सूज येते आणि फुगलेल्या नलिका चपट्या होतात. त्यानंतरच्या एमआरसीपीत कॅन्सर कुठवर पसरलाय आणि सूज कुठवर आहे हे वेगळं करता येत नाही. ऑपरेशन होणार की नाही हे त्या अर्ध्या-एक सेंमीवर ठरतं. गाठ संगमाच्या खाली असेल तर बिस्मथ (गाठ कुठवर गेलीय याची वर्गवारी) १, संगमावर असेल तर २, उजव्या किंवा डाव्या बाजूच्या दुसऱ्या फाट्यापर्यंत गेली असेल तर ३, दोन्हीकडे गेली असेल तर ४. हा नकाशा स्टेंटच्या आधीच काढायचा असतो.

दुसरं कारण संसर्गाचं. संगम बंद असताना ईआरसीपीत कॉन्ट्रास्ट मारला की तो दोन्ही बाजूंच्या कोंडलेल्या नलिकांत जातो, सोबत आतड्यातले जंतूही. स्टेंट मात्र एकाच बाजूला बसतो. दुसऱ्या बाजूचं पित्त आता कोंडलेलंही आणि दूषितही. दोन दिवसांत थंडी वाजून ताप येतो आणि ऑपरेशनला योग्य असलेली बाई सेप्सिसमध्ये जाते.

म्हणून क्रम असा: आधी एमआरसीपी आणि ट्रिपल फेज सीटी (पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक आर्टरी यांना गाठ चिकटलीय का यासाठी), त्याच आठवड्यात सर्जनचं मत, आणि मग ठरवायचं की पित्त काढायचं का, कुठल्या बाजूचं, आणि कुठून. ऑपरेशन होणार असेल तर जी बाजू शरीरात राहणार तीच मोकळी करायची. आक्रसलेल्या लोबमध्ये नळी घालून बिलिरुबिन उतरत नाही. वरच्या अडथळ्याला पोटाच्या भिंतीतून घातलेली पीटीबीडीची नळी पुष्कळदा सोयीची, कारण नेमका हवा तो फाटा निवडता येतो. निदान पक्कं होण्याआधी उघड्या जाळीचा मेटल स्टेंट कुणालाही टाकू देऊ नका, तो पुन्हा काढता येत नाही.

अपवाद एकच, आणि तो पक्का लक्षात ठेवा. ताप, थंडी, बीपी पडणं, गुंगी यांतलं काही दिसलं तर कोलँजायटिस (पित्तनलिकांचा संसर्ग). तेव्हा नकाशाची वाट पाहायची नाही. ब्लड कल्चर, लगेच अँटिबायोटिक आणि त्याच दिवशी पित्त मोकळं करू शकणाऱ्या ठिकाणी रवानगी.

ऑपरेशन म्हणजे नलिका, अर्धं किंवा त्याहून जास्त यकृत, सोबत कॉडेट लोब (यकृताचा मागचा छोटा भाग), आणि आतड्याशी नवा जोड. कावीळ असलेल्या यकृताला उरलेला भाग निदान ३० ते ४० टक्के लागतो. कमी पडत असेल तर आधी बिलिरुबिन साधारण ३ च्या खाली आणायचं, मग काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन बंद करून उरणारी बाजू चार-सहा आठवडे वाढू द्यायची. नातेवाईक म्हणतात "कॅन्सर आहे तर वाट कसली पाहता". त्यांना हे आधीच समजावलं तर ते मधेच दुसरीकडे जात नाहीत.

तुमच्याकडून आजच होण्यासारखं: व्हिटॅमिन के १० मिग्रॅ शिरेतून सावकाश, आणि २४ तासांनी पुन्हा आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी). सुधारला तर ती पित्ताअभावी झालेली व्हिटॅमिनची कमतरता, नाही सुधारला तर यकृतच थकलंय. सीरम आयजीजी-४ पाठवा. आयजीजी-४ चा कोलँजायटिस (संसर्ग नव्हे, प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने आलेली नलिकांची सूज) हुबेहूब असाच दिसतो आणि स्टेरॉइडने उतरतो, त्याच्यासाठी कुणाचं यकृत कापलं जाऊ नये. सीए १९-९ (कॅन्सरसाठीची एक रक्तचाचणी) आत्ता केलं तर नुसत्या अडथळ्यानेही शेकडो येतं, त्यामुळे पित्त मोकळं झाल्यावर पुन्हा करून तुलना करा. काही लोकांच्या रक्तात ते जन्मतःच तयार होत नाही, म्हणून नॉर्मल आलं तरी सुटका नाही. खाजेला कोलेस्टिरामाइन ४ ग्रॅम, बाकीची औषधं त्याआधी तासभर किंवा नंतर चार तासांनी, नाहीतर ते त्यांनाही अडकवून ठेवतं. मात्र वाट पूर्णच बंद असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. संगमावरच्या गाठीतून बाहेरून सुईने तुकडा कुणी सुचवला तर नकार द्या. प्रत्यारोपणाच्या प्रोटोकॉलमध्ये तेवढ्याने पेशंट बाद होतो.

जाता जाता: खालच्या अडथळ्यालाही सरसकट स्टेंट नको. नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत स्वादुपिंडाच्या डोक्याच्या गाठीचे, बिलिरुबिन साधारण १४.६ पर्यंत असलेले पेशंट होते. थेट ऑपरेशन केलेल्या गटात गंभीर गुंतागुंत ३९ टक्के आणि आधी स्टेंट टाकलेल्या गटात ७४ टक्के झाली. त्यात प्लॅस्टिकचे स्टेंट होते हे खरं, पण ऑपरेशन आठवड्याभरात होणार असेल आणि संसर्ग नसेल तर स्टेंटशिवाय जाणं हाच चांगला मार्ग.

---

तालुका_जीपी:

सगळ्यांचे आभार. ईआरसीपी रद्द करवली, एमआरसीपी आणि सीटीची चिठ्ठी दिली. पहिल्या बाईंची तिन्ही उत्तरं "नाही" आहेत, त्यांना सीटीशिवाय घरी पाठवलं.

दुसऱ्याचा ट्रिपल फेज आला: एकच गाठ, २.४ सेंमी, एलआर-५, पोर्टल व्हेन मोकळी. बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.२, जलोदर नाही, शुद्ध व्यवस्थित. घरच्यांना "कापायचं की जाळायचं" एवढंच समजतंय. मी त्यांना काय सांगू? आणि तिसऱ्या बाई नळी लावून घरी आल्या तर आमच्याकडे काय बघायचं?

---

कातरी_आणि_टाका:

चाइल्ड-प्यू (यकृताच्या ताकदीचं गुणांकन) ए, म्हणजे सगळ्यात चांगला गट, ५ गुण, एकच गाठ ३ सेंमीच्या आत, शिरेत शिरकाव नाही. ही बीसीएलसी (एचसीसीच्या पायऱ्या ठरवायची पद्धत) ए पायरी, म्हणजे पूर्ण बरं करण्याच्या हेतूने उपचार. "फार पुढे गेलंय" असं गावात कुणी सांगत असेल तर ते चूक आहे, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

कापण्यात अडचण प्लेटलेट्सची. ८८,००० आणि वाढलेली प्लीहा म्हणजे पोर्टल प्रेशर बरंच जास्त. अशा यकृताचा मोठा भाग काढला तर उरलेलं दम सोडतं, महिन्याभरात जलोदर आणि कावीळ. छोटा तुकडा दुर्बिणीतून काढता येईल का, हे गाठीच्या जागेवर ठरतं. या आकाराला रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह ॲब्लेशन (सुईतून उष्णता देऊन गाठ जाळणं) चांगलं काम करतं. गाठीभोवती ५ ते १० मिमी निरोगी यकृतही जळायला हवं. अपयश येतं ते मुख्यतः दोन कारणांनी: ही कड पुरेशी मिळाली नाही, किंवा शेजारच्या मोठ्या शिरेतल्या रक्ताने उष्णता वाहून नेली. सेगमेंट ६ च्या खाली मोठं आतडं आणि उजवी किडनी असते. गाठ कडेला असेल तर मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज सोडून आतडं लांब ढकलतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत सलाईन वापरत नाहीत, ते वीज वाहून नेतं. महिन्याने ट्रिपल फेज, पुढे दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी.

प्रत्यारोपणाचा दरवाजाही उघडा आहे. १९९६ चे मिलान निकष म्हणजे एकच गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंमीच्या आत. हा पेशंट त्यात आरामात बसतो. ॲब्लेशन गाठ जाळतं, सिर्‍होसिस तसाच राहतो आणि त्यात नवी गाठ येऊ शकते, म्हणून प्रत्यारोपण केंद्रात नाव आणि तपासण्या आत्ताच सुरू असाव्यात. त्यासाठी दारू कायमची बंद. ही अट तुम्हीच पहिल्या भेटीत घाला, आमच्यापर्यंत येईपर्यंत त्यांचे महिने फुकट जातात.

दोन गोष्टी ॲब्लेशनची वाट न पाहता करा. एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती ते) पाठवा आणि एन्टेकॅव्हिर ०.५ मिग्रॅ रिकाम्या पोटी किंवा टेनोफोव्हिर सुरू करा. सिर्‍होसिस आहे, त्यामुळे एएलटी (यकृताला इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) किती आहे याला महत्त्व नाही, आणि औषध आयुष्यभर बंद करायचं नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दुसरं, एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहून घ्या. पुढे कधी ॲटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब (पुढे गेलेल्या एचसीसीची औषधं) द्यायची वेळ आली तर त्या शिरांचा बंदोबस्त आधी झालेला लागतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमकी प्रक्रिया सांगून मंजुरीचं विचारा.

---

वॉर्ड_सिस्टर:

पीटीबीडीच्या नळीबद्दल लिहिते, डॉक्टर. पेशंट परत येतात ते बहुतेक याच गोष्टींसाठी.

पिशवी कायम कमरेच्या खाली, झोपतानाही. रोज ठरलेल्या वेळी पित्त मोजून वहीत लिहायचं, रंगासकट. पित्त सगळं बाहेर येत असेल तर दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. तेवढं पाणी, सोडियम आणि बायकार्बोनेट जातं, म्हणून दर आठवड्याला सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करा आणि ओआरएस चालू ठेवा. वय झालेल्या पेशंटची किडनी यातच बसते. अचानक पित्त येणं थांबलं तर आधी नळी कपड्याखाली मुडपलीय का आणि त्वचेजवळची खूण बाहेर सरकलीय का ते बघा. सलाईनने धुवायची असेल तर ५ ते १० मिली, स्वच्छ सिरिंजने, हलक्या हाताने आत सोडायची. उलट ओढायची नाही, आतड्यातली घाण नलिकेत येते. जोर लावावा लागला तर थांबायचं. ताप किंवा थंडी आली की नळी लगेच पिशवीला उघडी करायची आणि फोन करायचा. पित्तात ताजं लाल रक्त, नळीभोवती गळणं, किंवा नळी निसटणं, याला त्याच दिवशी पाठवा. निसटलेली नळी घरी परत आत ढकलू नका. वाट थोड्या काळात मिटते, म्हणून उद्यावर ढकलायचं नाही. सगळं ठीक असलं तरी दोन-तीन महिन्यांनी नळी बदलावी लागते, ती तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. प्लॅस्टिकचा आतला स्टेंट असेल तरी हिशोब तोच, तीन महिन्यांच्या आसपास तो तुंबतो.

---

पित्तवाट:

सिस्टरांच्या मजकुरात एवढीच भर: तिसऱ्या बाईंचं ऑपरेशन होऊन गाठ पूर्ण निघाली तर पुढे सहा महिने कॅपेसिटाबिन (केमोची गोळी), आठ सायकल, असा प्रघात आहे. ऑपरेशनजोगी नसेल तर जेमसिटाबिन-सिसप्लॅटिन, आणि परवडत असेल तर त्याच्या जोडीला ड्युर्व्हालुमॅब (इम्युनोथेरपी). बिलिरुबिन उतरल्याशिवाय केमो सुरू करता येत नाही. तुकड्यावर जनुकीय तपासणी विचारा, विशेषतः गाठ यकृताच्या आत असेल तर, कारण एफजीएफआर-२ आणि आयडीएच-१ या जनुकांतल्या बदलांवर काम करणाऱ्या गोळ्या आहेत.

आणि दुसऱ्या पेशंटच्या घरातल्या सगळ्यांचं एचबीएसएजी करून घ्या: बायको, मुलं, भावंडं, आई हयात असेल तर तीही. सोबत अँटी-एचबीसी (पूर्वी संसर्ग झाला होता का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का). ज्यांचं तिन्ही निगेटिव्ह येईल त्यांना लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० च्या वर गेलं का ते पाहा. जे पॉझिटिव्ह निघतील त्यांचं डीएनए आणि एएलटी करून पुढचं ठरवा. सिर्‍होसिस असेल, आणि पुरुष चाळिशीच्या किंवा बाई पन्नाशीच्या पुढे असेल तर सिर्‍होसिस नसला तरी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी. ज्यांच्या घरात आधीच एचसीसी झालीय त्यांची तपासणी त्याहूनही आधी सुरू करावी लागते, आणि इथे ती झालेली आहे.